सायकलवाल्यांनो, गुन्हा कबूल करा! (कोकणपट्टी स्पेशल)

सड्यावरचा:

गेल्या रविवारी गुहागरच्या एसटी स्टँडसमोर मी पडलो. कुणी उडवलं नाही, कुत्रा आडवा आला नाही, रस्त्यात खड्डा पण नव्हता (पावसाळा संपता संपता खड्डा नसलेली जागा शोधून तिथेच पडणं ही पण कलाच म्हणायची). चहाची टपरी दिसली म्हणून थांबलो आणि बूट क्लीटने पेडलला अडकवलेले आहेत हेच डोक्यातून गेलं. वेग शून्य, मी वर, सायकल खाली, आणि मग दोघं मिळून हळूऽऽ डावीकडे, पावसात जुना दगडी गडगा कलंडतो ना तसे. बाकड्यावरच्या एका आजोबांनी तोंडातला घोट गिळला आणि शांतपणे विचारलं, "स्टँड नाय काय गाडीला?"

घरी येऊन गुडघ्याला हळद लावताना वाटलं की आपण सगळे जण फक्त किती किलोमीटर मारले आणि किती तासात मारले एवढंच सांगत असतो, ही असली खरी कमाई कुणी सांगतच नाही. म्हणून हा धागा. रोडबाईक, फिक्सी, हायब्रिड, जी असेल ती चालेल. पराक्रम नकोत, फजित्या हव्यात. दुकानाचं, माणसाचं नाव घेऊन बदनामी नको, इथे बदनामी फक्त स्वतःची.

घाटावरच्या मंडळींसाठी एक खुलासा. "समुद्राकाठचा रस्ता म्हणजे सपाटच असणार" असं म्हणत इकडे येऊ नका. आमच्याकडे रस्ता खाडीपासून सड्यावर (म्हणजे वरच्या उघड्या कातळपठारावर) चढतो, सड्यावर चार किलोमीटर उन्हात भाजतो, आणि पुढच्या खाडीत परत धाडकन उतरतो. मग पूल, नाहीतर फेरीबोट, आणि परत चढ. रेवसपासून रेडीपर्यंत हेच. निम्म्या फजित्या या भूगोलातूनच येतात.

खाडीपलीकडचा:

मी पहिला. भूगोलावरूनच सुरुवात करतो.

डिसेंबरात दापोलीहून गुहागरला निघालेलो. दाभोळच्या धक्क्यावर उतरलो, सायकल फेरीबोटीत चढवली, बाकावर बसलो. पहाटे चारला उठलेलो, त्यात गार वारा, त्यात बोटीची ती घरघर. समोरचं धोपावे म्हणजे जेमतेम हाकेच्या अंतरावर, एवढ्यात कोण झोपतो? मी झोपलो. जाग आली तर बोट धक्क्याला लागत होती, सायकल उचलली, ऐटीत बाहेर पडलो आणि चढ चढायला लागलो. अर्धा चढ चढल्यावर एक हॉटेल दिसलं आणि वाटलं, च्यायला, अगदी असंच हॉटेल पलीकडे पण होतं. पलीकडे नव्हतं, तेच होतं. बोट धोपाव्याला जाऊन, गाड्या रिकाम्या करून, दुसऱ्या भरून मला परत दाभोळला घेऊन आली होती. तिकीटवाल्याने दुसऱ्यांदा पैसे घेतले नाहीत, पण तो ज्या नजरेने बघत होता त्यापेक्षा घेतले असते तर बरं झालं असतं.

आणि वाऱ्याचं. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे यावर टीप लिहून दोन मार्क मिळवले होते, पण समजले ते सायकलवर. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे गार मतलई वारा असतो, तेव्हा कळत पण नाही तो आहे म्हणून. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून खारा वारा सुटतो, आणि आमच्याकडे तो वायव्येकडून येतो, म्हणजे उत्तरेकडे तोंड करून घरी येणाऱ्याच्या बरोब्बर थोबाडावर. मी तीन वर्षं दर रविवारी सकाळी दक्षिणेला जाऊन दुपारी उत्तरेला परत येत होतो आणि समजत होतो की माझाच स्टॅमिना दुपारी संपतो. त्यासाठी रक्त तपासून घेतलं. हिमोग्लोबिन चांगलं निघालं.

दात्यांचा_दात:

मी मुंबईत फिक्सी चालवतो, गाव गणपतीपुळ्याजवळ. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फिक्सी म्हणजे मागचं दातेरी चक्र चाकाला पक्कं. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणार, पाय स्वस्थ ठेवून उतारावर सोडून द्यायची सोयच नाही. वेग कमी करायचा तर पायांनी उलटा जोर लावायचा. शहरात हे फार भारी वाटतं. सिग्नलला पाय न टेकता मागे-पुढे डुलत उभं राहायचं, पोरंटोरं बघतात वगैरे.

तर मे महिन्यात गावी येताना सायकल घेऊन आलो आणि (कबुली क्रमांक एक) पुढचा ब्रेक काढून ठेवला, कारण फोटोत हँडल स्वच्छ दिसतं. सकाळी गणपतीपुळ्याहून आरे-वारेला निघालो. गिअर ४८ ला १६, म्हणजे पुढच्या चक्राला ४८ दाते, मागच्याला १६. एका फेऱ्यात सायकल सहा मीटरच्या वर पुढे जाते. सपाटीला स्वर्ग. पण आरे-वारेच्या आधी रस्ता वळणं घेत खाली उतरतो, समुद्र दिसतो, टुरिस्ट लोक गाड्या थांबवून अहाहा करतात, तिथे माझे पाय माझे राहिले नाहीत. नंतर हिशेब केला, वेग ४५ च्या आसपास होता, म्हणजे मिनिटाला जवळजवळ १२० फेरे. शिवणयंत्राची सुई कशी चालते ते बघा आणि त्या जागी माझे गुडघे ठेवा. उलटा जोर लावायला गेलो तर मागच्या चाकाने थोडं घसटून ऐकलं, मग फाट्टकन आवाज झाला आणि टायर फुटला.

पुढे सुरूचं बन. रस्ता डावीकडे वळला, मी वळलो नाही. वाळूत शिरलो, चाकं रुतली, आणि मी एका कुटुंबाच्या चटईजवळ गुडघ्यावर जाऊन थांबलो. ते लोक इडली-चटणी खात होते. बाईंनी काही न बोलता एक कागदी प्लेट पुढे केली. मी खाल्ली. काय करणार.

गिअरगणित:

दात्यांचा_दात, राग मानू नका पण टायर फुटला त्याला उतार जबाबदार नाही, तुमची निवड जबाबदार आहे. ४८ भागिले १६ बरोबर पूर्ण ३. म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचे बरोबर तीन फेरे, आणि तुम्ही नेहमी एकच पाय पुढे ठेवून स्किड मारत (मागचं चाक अडवून घसरवत) असाल तर दर वेळी टायरची तीच एक जागा रस्त्याला घासते. तिथलं रबर आधीच पापडासारखं झालेलं असणार. ४७ ला १६ घेतलं असतं तर भाग जात नाही आणि झीज १६ जागी वाटली जाते. एक दाता कमी, टायर किती तरी जास्त दिवस.

आता माझी कबुली. हे सगळं गणित मला येतं आणि तरीही मागच्या चक्राची लॉकरिंग (चक्र सुटू न देणारी कडी) उलट्या आट्यांची असते हे विसरून मी ती अर्धा तास "सैल" करत होतो. म्हणजे आवळत होतो. शेवटी मामाच्या गॅरेजात पाइप लावून जोर केला तेव्हा पाना तुटला, आणि मामा अजून तो पाना मागतो.

मालवणची सून:

माझी गोष्ट जुलैतली. मी पुण्याची, सासर मालवण. कोकणातल्या पावसात कपडे वाळत नाहीत हे ऐकून होते पण सायकलिंगची चड्डी, ती आत जाड पॅड असलेली, ती तर चार-चार दिवस ओलीच राहते हे तिथे गेल्यावर कळलं. पडवीत दोरीवर लटकायची. येणारी-जाणारी बघायची. शेजारच्या काकूंनी सासूबाईंना हळूच विचारलं होतं म्हणे, "सुनेचा काय ऑपरेशन झाला?"

पाचव्या दिवशी पहाटे आचऱ्यापर्यंत जाऊन यायचं म्हणून उठले. चड्डी कोरडी! एकदम मस्त घडी घालून ठेवलेली! अंधारात चढवली, निघाले. दोन किलोमीटरवर काहीतरी चुकतंय असं वाटायला लागलं, पाच किलोमीटरवर खात्री झाली, आणि पुढचं मी इथे लिहीत नाही. जाऊन-येऊन चाळीसच्या वर. शेवटचे दहा मी उभ्यानेच मारले.

घरी आल्यावर कळलं की सासूबाईंनी रात्री पॅड उसवून काढलं होतं. "तो स्पंज काय सुकाक तयार नाय, म्हणान काढून टाकलंय. बघ, टीप कशी बारीक घातलंय." टीप खरंच सुंदर होती, कुठे उसवलंय ते कळत नव्हतं. मी विचारलं, मग पॅड कुठाय? तर चुलीपाशी. गरम टोप उतरवायला. तीन हजारांची चड्डी आहे हे मी आजपर्यंत सांगितलेलं नाही आणि तुम्हीही कुणी सांगू नका.

पण एक आहे. संध्याकाळी त्यांनीच न बोलता भिरंडेलचा गोळा आणून दिला, कोकमाच्या बियांचं ते घट्ट तेल, भेगांना लावतात ते. थोडं गरम करून लावलं. शहरात डबीला सहाशे रुपये देऊन जे क्रीम घेते ना, ते मी तेव्हापासून घेतलेलं नाही.

खळ्यातला_शतकवीर:

घरी पोचलो तेव्हा घड्याळात ९९.६. शंभरला ४०० मीटर कमी. परत रस्त्यावर जायचं त्राण नव्हतं म्हणून खळ्यात तुळशीवृंदावनाभोवती फेऱ्या मारायला लागलो. एवढ्या छोट्या गोल फेरीत जीपीएस कोपरे कापतं आणि अंतर मोजतच नाही नीट, त्यामुळे पंचवीसमध्ये होईल वाटलेलं ते पन्नासवर गेलं. आजी ओसरीवर बसून जप करत होती. आता ती सगळ्या वाडीत सांगते, आमचा नातू सायकलवरून पण तुळशीला प्रदक्षिणा घालतो, पण आजकालची पोरं.

दापोलीकर थंडीवाला:

चेनला खोबरेल लावणारे किती आहेत इथे? हात वर करा, लाजू नका.

मी लावलं. आमच्याकडे घरचं तेल, डबाभर. खाऱ्या हवेने चेन आठ दिवसांत तांबडी होते, वर समुद्राची बारीक वाळू, दर वेळी बाजारातलं ल्युब कुठे परवडतं. ऑक्टोबरात लावलं, झकास, आवाज बंद. चेनला मोदकाचा वास. मग जानेवारी आला. दापोली उंचावर आहे, पहाटेची थंडी बऱ्यापैकी पडते, आणि खोबरेल २४-२५ अंशांखाली गोठतं हे घरातल्या बाटलीत बघून माहीत असलेली गोष्ट मला सायकलच्या बाबतीत सुचली नाही. सकाळी साडेपाचला बघतो तर चेन पांढरी. मागचा डिरेलर हलेना, गिअर पडेना. शेजारी डॉक्टर, ते पण रायडर, ते बाहेर येऊन वाट बघत उभे, आणि मी आईचा केस वाळवायचा ड्रायर घेऊन पडवीत चेन शेकतोय. वितळलेलं तेल टपटप फरशीवर. तेवढ्यात मुंग्या.

अजून एक. सड्यावरच्या, तू गेल्या वर्षी हर्णैच्या राइडला आलेलास तेव्हा तुझ्या सायकलीला सुकटीसारखा वास येत होता आणि बंदरापासून तीन मांजरं तुझ्या मागे होती. तू म्हणालास परदेशी ल्युब आहे, त्यात माशाचं तेल असतं. मी ते दोन महिने ऑनलाइन शोधत होतो. नाव सांग ना.

जयगडजेट्टी:

माशाचं तेल??

विषय निघालाच आहे तर माझं एक दुखणं मांडतो, फजिती म्हणा. तवसाळच्या जेट्टीवरून वर सड्यावर जी चढण आहे ना, तिचा स्ट्राव्हावर (राइड नोंदवायचं ॲप) सेगमेंट आहे, म्हणजे तेवढ्या तुकड्यात कोण किती वेगात गेलं त्याची यादी. मी त्या चढावर दोन वर्षं मरतोय. वजन सहा किलो कमी केलं, मासे सोडून सगळं सोडलं, चाकं बदलली, बायकोला सांगून मे महिन्यात रोज पहिली फेरीबोट पकडून पलीकडे जायचो. आणि पहिल्या नंबरवर कोण, तर "देवगडची पेटी" नावाचा कुणीतरी, फोटोत आंबा. त्या चढावर सरासरी ३८! ती एकच राइड आहे त्याच्या नावावर, आधी काही नाही, नंतर काही नाही. मी त्याला मेसेज करून ट्रेनिंग प्लॅन विचारला होता. हीच माझी कबुली, मी एका आंब्याला "सर" म्हणालोय.

सड्यावरचा:

छान छान. येऊ द्या अजून.

रात्रपाळी:

माझी थोडी मोठी आहे, चहा घेऊन बसा.

ब्रेव्हे (वेळेच्या मर्यादेतली लांब पल्ल्याची राइड) करणाऱ्यांना माहीत आहे, ३०० किलोमीटरला २० तास असतात, म्हणजे रात्र चुकत नाही. त्या तयारीसाठी मी एकटाच रात्री निघायचो. सिंधुदुर्गात, कुणकेश्वरच्या पुढे खाडीकडे उतरणारा एक रस्ता आहे, दोन्ही बाजूंना झाडी, दिवा नाही, घर नाही. रात्री अडीच-तीन. पुढे पांढरा झोत, मागे लाल दिवा, अंगात चकाकणारं जाकीट. उतार होता म्हणून पेडल थांबवले, आणि माझ्या मागच्या हबचा (चाकाच्या मधल्या तुंब्याचा) आवाज म्हणजे अंधारात नुसतं टक टक टक टक. इंजिनाचा आवाज नाही, माणसाचा नाही. एका वळणावर दोघं जण दिसले, बहुतेक दशावतार बघून घरी चाललेले. मी सभ्य माणूस, दचकू नयेत म्हणून लांबूनच बारीक आवाजात "हंऽऽ" केलं.

एकाची चप्पल रस्त्यात राहिली. माणसं दिसेनाशी झाली. मला पण वाटलं थांबून सांगावं, पण उतार एवढा सुरेख होता.

पंधरा दिवसांनी दिवसाउजेडी त्याच बाजूला चहाला थांबलो. तिथे एक जण आठ-दहा जणांना सांगत होता, "माज्या डोळ्यांनी बघलंय. देवचारच तो. डोळो एकच, पांढरोफेक, नि मागसून लाल निखारो. काठी आपटीत गेलो, टक टक टक. माका हाक पन मारल्यान." दुसरा म्हणाला तो राखणदार असतो, चांगल्या माणसाला काही करत नाही, कुणाला तरी घरी पोचवायला आला असेल. चर्चा झाली, तिठ्यावर नारळ ठेवायचं ठरलं. मी टाइट कपड्यात, हेल्मेट मांडीवर घेऊन, भजी खात ऐकत बसलो होतो. टपरीवाला मला म्हणाला, "तुमी रात्रीचे फिरा नको हां." मी म्हटलं नाही फिरणार.

त्यानंतर मी दोनदा गेलो त्या रस्त्याने. नारळ होता खरंच. मी घेतला नाही, एवढं तरी लिहून ठेवा माझ्या नावावर.

दात्यांचा_दात:

रात्रपाळी 😂 म्हणून फिक्सी घ्या. आमच्या हबला आवाजच नसतो, आमचं भूत मुकं.

चिऱ्याची_धूळ:

आमच्याकडे संगमेश्वर बाजूला पाखाड्या आहेत. पाखाडी म्हणजे जांभ्याच्या पायऱ्यांची वाट, एका वाडीतून खालच्या वाडीत उतरणारी. मोबाइलच्या नकाशाला पाखाडी आणि रस्ता यातला फरक कळत नाही. मला दीड किलोमीटर वाचेल असं सांगून त्याने आत घातलं, डांबर संपलं, मग माती, मग पायऱ्या. परत चढून जायचा कंटाळा आला म्हणून सायकल खांद्यावर घेतली. खाली क्लीटचे बूट, पायऱ्यांवर शेवाळ. जे बूट फरशीवर सुद्धा घोड्याच्या नालासारखे घसरतात ते घालून. अर्ध्यात एक आजी गवताचा भारा घेऊन वर येत होती, अनवाणी, सरसर. थांबली, मला वाट दिली, खालून वरपर्यंत बघितलं. "अरं बाला, हितनं गुरं पन जपून उतरतात." मग पाच पायऱ्या वर जाऊन परत वळून, "सायकल कशाला घेतलीस मग?"

या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

पोस्त_बुडव्या:

शिमग्यात सायकल चालवलीय का कुणी? पोरं रस्त्यात दोरी धरून उभी असतात, गाडी अडवायची, "पोस्त द्या पोस्त!" मी दर वर्षी चकवायचो, सायकलवाल्याला कोण अडवतो. यंदा अडवलं. सहा-सात जणं, सगळ्यात मोठा असेल सहावीतला. म्हटलं बाळांनो, सुटे नाहीत, पाकीटच नाही, बघा या कपड्याला खिसा कुठाय. तर एकाने पाठीमागचे तीन खिसे दाखवले. म्हटलं त्यात केळं आहे. तर दुसरा पळत जाऊन बापाच्या दुकानातला क्यूआर कोडचा पुठ्ठा घेऊन आला. म्हटलं रेंज नाही इथे. तिसरा म्हणाला, "काका, हॉटस्पॉट देऊ?"

एकवीस रुपये गेले आणि केळं पण. पुढच्या वाडीत परत दोरी. तिथे कुणीतरी आधीच फोन करून कळवलं होतं की सायकलवाल्याकडे ऑनलाइन आहे.

मडगार्ड नाही:

छोट्या छोट्या, एकदम टाकतो. बाटलीत सोलकढी भरून नेली, उरलेली तशीच विसरलो, आठ दिवसांनी अंगणात उघडली, तर आमच्या कुत्र्याने अंगण बदललं. पुढचं चाक काढून गाडीत सायकल भरली, चाक भाट्याच्या किनाऱ्यावर माडाला टेकवून ठेवलं होतं ते तिथेच राहिलं. पांढरी जर्सी पावसात लाल मातीतून घातली, आता ती पाठीवर कायमची उभ्या पट्ट्याची आहे, लोक डिझाइन समजतात.

आणि एक मोठं पाप. बाबांना सायकल आठ हजारांची सांगितली. खरी किंमत त्याला शून्य जोडून, थोडी कमी. बाबांना वाटलं पोरगा काय व्यवहारी, आठ हजारांत एवढी हलकी गाडी आणली. त्यांनी वाडीत सांगितलं. पुढच्या महिन्यात तीन शेजारी प्रत्येकी आठ हजार रुपये घेऊन घरी, आमच्या पोराला पण कॉलेजसाठी अशीच आणून दे. मी सांगितलं कंपनी बंद पडली. त्यातल्या एका काकांनी पेपरात त्याच कंपनीची जाहिरात बघितलीय. सध्या मी त्यांच्या घरावरून जात नाही, लांबून जातो, चढ जास्त पडतो पण व्यायाम होतो.

भातखाचर:

दात्यांचा_दात यांची फिक्सी वाचून मला माझी आठवली. मी माझी फिक्सी गावच्या चुलतभावाला "चालवून बघ" म्हणून दिली. जुलै, लावणी नुकतीच झालेली, बांधाच्या बाजूने रस्ता. मी सांगायला विसरलो की पेडल थांबत नाहीत. खरं सांगायचं तर विसरलो नाही, गंमत बघायची होती. तो झकास निघाला, वेग घेतला, आणि ऐटीत पाय थांबवले. सायकलने त्याला वर उचलला आणि थेट आबांच्या खाचरात. पोटावर. चिखलात त्याच्या आकाराचा साचा झाला, दोन्ही हात पसरलेला.

आबा इरलं बाजूला ठेवून आले. त्यांनी भावाला उचललं, त्याला विचारलं लागलं का, नाही म्हटल्यावर माझ्याकडे बघितलं. "सायकल कुणाची?" माझी. "मग ये." पुढचा तासभर मी मोडलेली रोपं काढून परत लावत होतो, ऐंशी हजारांची सायकल बांधावर उभी आणि मी गुडघाभर चिखलात. माझी ओळ वाकडी गेली. आबा म्हणाले दसऱ्यापर्यंत राहील ती अशीच. राहिली. गणपतीत आलेला प्रत्येक चाकरमानी ती ओळ बघून गेला.

जयगडजेट्टी:

सगळं वाचतोय, मजा येतेय. पण सड्यावरचा कुठे गेला? धागा याने काढायचा, स्वतः एक बारकीशी फजिती सांगायची आणि गप्प. दापोलीकरांनी ल्युबचं नाव विचारलंय त्याचं पण उत्तर नाही.

दापोलीकर थंडीवाला:

हो ना. नाव सांग रे.

सड्यावरचा:

बरं. काल रात्री तीनदा लिहून पुसलं, आता टाकतोच.

गेल्या वर्षीचा मे. रत्नागिरीहून जयगडला आलो तेव्हाच माझं संपलं होतं. दुपारचा दीड, पाणी नाही, सड्यावरचा कातळ तव्यासारखा. फेरीबोटीत सावलीला बसलो तर शेजारी टेम्पो उभा. ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "गुहागरला ना? टाक मागे." मी नको नको म्हटलं. दोनदा. तिसऱ्यांदा म्हणायच्या आधी त्यानेच सायकल उचलून गोणींवर आडवी टाकली.

गोण्या सुकटीच्या होत्या.

मी पुढे केबिनमध्ये बसलो, त्याने थंड पाणी दिलं, गाणी लावली, आणि तवसाळची चढण तो माणूस कशी चढवतो, काय सांगू, वळणाला सुद्धा पाय उचलत नाही. वेळणेश्वर फाट्याला मला आठवलं की खिशातला मोबाइल राइड रेकॉर्ड करतोय. मोबाइल नवीन होता, जुन्या अकाउंटचा पासवर्ड लागत नव्हता म्हणून सकाळी घाईत दुसरंच अकाउंट काढलेलं. नाव काहीतरी द्यायचं म्हणून समोर आंब्याची पेटी होती.

रात्री घरी मोबाइल उघडला तर मुकुट. जयगडजेट्टी, देवाशपथ, मी पुसणार होतो. पण आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या तरी चढावर पहिला आलेलो, म्हटलं आजची रात्र राहू दे. सकाळी बघतो तर तुझा मेसेज आलेला, "सर, तुमचा ट्रेनिंग प्लॅन मिळेल का?" मग कसा पुसणार.

दापोलीकर, ल्युब-बिब काही नाही. वास सुकटीचाच होता. सीटच्या शिवणीतून अजून येतो पावसाळ्यात. मांजरं खरी होती.

आत्ता राइड पुसली आहे. अकाउंट पण.

जयगडजेट्टी:

आत्ता बघितलं. मी पहिला.

उद्या सकाळी पहिल्या बोटीने ये. सायकल आण, आणि अर्धा किलो सुकट. कोलीम नको, जवळाच आण.